जन्मस्थळाचा रकाना

मी ज्या गावात चोवीस वर्षं डॉक्टरकी केली, त्या गावात आता कुणीच जन्माला येत नाही. म्हणजे गावातल्या बायकांना मुलं होतात, पण ती होतात तासाभरावरच्या शहरात. आमच्या छोट्या हॉस्पिटलातला बाळंतपणाचा विभाग आधी बंद पडला, आणि काही वर्षांनी हॉस्पिटलही. उरलं ते माझं क्लिनिक आणि एक ॲम्ब्युलन्स. आज शाळेत पहिलीच्या वर्गात बसणाऱ्या एकाही मुलाच्या दाखल्यावर आमच्या गावाचं नाव नाही. हे माझ्या लक्षात आलं ते एका म्हाताऱ्या सुतारामुळे, आणि त्यांच्या दाखल्याचीच ही हकिकत आहे.

मी इथे कुणाचं नाव लिहिणार नाही, गावाचंही नाही. गाव लहान आहे. तिथलं कुणी मराठी वाचणार नाही हे खरं, तरीपण.

अटलांटाहून गाडीनं निघालात तर साडेतीन तास लागतात. शेवटचा तासभर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाइनची झाडं, त्यांच्यामधून दिसणारी लाल माती, आणि समोरून येणारे ओंडक्यांनी भरलेले ट्रक. मग पाण्याची उंच टाकी दिसते, आणि तिच्या अलीकडे गावाच्या नावाचा आणि लोकसंख्येचा बोर्ड. मी आल्यापासून तो दोनदा बदलला, आणि दोन्ही वेळा आकडा कमी झाला. गावाच्या मधोमध रेल्वेचे रूळ आहेत. मालगाड्या जातात, थांबत नाहीत. रुळांच्या पूर्वेला कोर्टहाउस, त्याच्याभोवती विटांची दुकानं, त्यातली निम्मी बंद. पश्चिमेला काळ्या लोकांची वस्ती, त्यांची तीन चर्चेस आणि बंद पडलेलं जिनिंग. दक्षिणेच्या हायवेवर कोंबड्या कापून पॅक करायचा कारखाना आहे, तिथे ग्वातेमालाहून आलेली माणसं काम करतात. मोटेल एका गुजराती कुटुंबाचं. आणि मराठी माणसं दोन, मी आणि माझा नवरा.

उत्तरेला तलाव आहे. गावाच्या माहितीपत्रकावर त्याचाच फोटो असतो, बोटी आणि सूर्यास्त.

आम्ही इथे राहायला आलो नव्हतो, तीन वर्षं काढायला आलो होतो. मी ॲन आर्बरला रेसिडेन्सी केली. व्हिसाची अट अशी होती की एक तर दोन वर्षं भारतात परत जा, नाहीतर जिथे डॉक्टर जायला तयार नसतात तिथे तीन वर्षं काम करा. नवरा तेव्हा डेट्रॉइटजवळच्या नोव्हायला गाड्यांच्या कंपनीत होता. मी नकाशावर गाव शोधलं, सापडलं नाही, मग नकाशा मोठा केला. पहिलं वर्ष मी एकटी राहिले. नंतर शेजारच्या काउंटीत गाड्यांच्या सीटा बनवणारा कारखाना निघाला आणि नवरा तिथे आला. तीन वर्षं संपली तेव्हा मुलगी शाळेत रमली होती आणि माझ्या पेशंटांची यादी लांबतच चालली होती. मग राहिलो ते राहिलोच. मुलगी मात्र शिकून शिकागोजवळ नेपरव्हिलला गेली. दर रविवारी फोनवर म्हणते, "आई, सिरियसली, व्हाय आर यू गाइज स्टिल देअर?" मी विषय बदलते.

सुतारकाका माझ्याकडे सुरुवातीपासून येत. सुतारकाका हे नाव माझ्या मनातलं. तोंडावर मी त्यांना सर म्हणायचे आणि ते मला मिस डॉक्टर. गावातल्या निम्म्या घरांचे जिने आणि पोर्च त्यांनी केले होते. चौऱ्याऐंशी वर्षांचे, सडपातळ, काळेभोर, हाताची दोन बोटं अर्धी. दर तीन महिन्यांनी ब्लडप्रेशर दाखवायला यायचे, इस्त्रीचा शर्ट घालून. त्या दिवशी प्रेशर फार वर गेलं होतं. मी दोनदा मोजलं.

"गोळ्या घेताय ना?"

"घेतोय."

"मग झालंय काय?"

त्यांनी बाही खाली केली, बटण लावलं आणि म्हणाले, "सरकारचं म्हणणं आहे की मी जन्मलोच नाही."

झालं होतं असं. त्यांची थोरली बहीण डेट्रॉइटला असायची. त्र्याण्णव वर्षांची. तरुणपणी नवऱ्याबरोबर गेली, तो गाड्यांच्या कारखान्यात लागला, आणि ती तिथलीच झाली. आता ती थकली होती, प्रवास करू शकत नव्हती. दोघांची बारा वर्षं गाठ नव्हती. सुतारकाका जन्मात कधी विमानात बसले नव्हते, पण आता जायचं म्हणून त्यांच्या भाचीनं, बहिणीच्या मुलीनं, तिकीट काढायची तयारी केली. तेवढ्यात त्यांच्या गाडीच्या लायसन्सची मुदत संपली, आणि इथे तेच ओळखपत्र. ते नवीन करायला गेले, तर काउंटरवरच्या माणसानं सांगितलं की नियम बदललेत, आता जन्माचा दाखला लागेल. दाखला त्यांच्याकडे नव्हता. कधीच नव्हता. ते घरी जन्मले, सुईणीच्या हातावर, आणि त्या काळी त्या भागात काळ्या माणसाच्या घरी मूल झालं तर ते लिहून ठेवायला कुणी काउंटीच्या ऑफिसात जात नसे. शाळा, लग्न, जुनं लायसन्स, सगळं आजवर तोंडी शब्दावर निभावलं होतं.

"लायसन्स नाही म्हणजे विमान नाही," ते म्हणाले. "आणि माझा पिकअप ट्रकही चालवायचा नाही. चर्चला कुणाच्या तरी गाडीतून जायचं."

मी त्यांना काय सांगणार होते? माझ्या घरी कपाटात एक जाडजूड फाइल आहे. साताऱ्याच्या नगरपालिकेचा जन्मदाखला, त्याचं इंग्रजी भाषांतर, भाषांतर खरं असल्याचं प्रतिज्ञापत्र, लग्नाचा दाखला, प्रत्येक व्हिसाची प्रत, ग्रीन कार्ड, नागरिकत्वाचं प्रमाणपत्र. मी इथली नाही, पण इथे असण्याचा माझा पुरावा चार बोटं जाडीचा आहे. आणि हा माणूस आठ मैलांवर जन्मला होता. त्या क्षणी मला थोडी लाज वाटली, का ते नीट सांगता येणार नाही.

दुपारी पेशंट कमी होते तेव्हा मी नियम काढून वाचले. कोर्टहाउसमध्ये उशिराची जन्मनोंद करता येत होती. दोन पुरावे हवे होते. एक, जन्माच्या वेळी जाणत्या वयाच्या असलेल्या नातेवाइकाचं शपथपत्र. दुसरा, जन्माच्या आसपासच्या काळात लिहिला गेलेला एखादा कागद. पहिलं सोपं होतं. बहीण त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठी, आणि डोकं शाबूत. भाचीनं डेट्रॉइटमध्ये नोटरी घरी बोलावून शपथपत्र करून घेतलं आणि पाठवून दिलं.

दुसरा पुरावा कुठून आणायचा? त्यांच्या चर्चचं जुनं रजिस्टर आगीत गेलं होतं. काळ्या मुलांची जुनी शाळा बंद करून दोन्ही शाळा एक केल्या, तेव्हा तिथली रजिस्टरं कुणी कुठे टाकली हे कुणालाच माहीत नव्हतं.

"तुमची सुईण कोण होती?" मी विचारलं.

त्यांनी सांगितलं, आणि मी हातातलं पेन खाली ठेवलं. त्या सुईणीची मुलगी माझी पेशंट होती. निवृत्त शिक्षिका, ऐंशीच्या पुढची, रुळांपलीकडे एकटी राहणारी. सगळं गाव तिला वचकून असे. मी मनात तिला नुसतं बाई म्हणत असे, शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं.

"तुम्ही जाऊन विचारा ना त्यांना."

ते म्हणाले, "ती मला दारात उभं करणार नाही." कित्येक वर्षांपूर्वी त्यांच्या चर्चमध्ये पाद्र्यावरून भांडण झालं, चर्चचे दोन तुकडे झाले, हे एकीकडे गेले आणि बाई दुसरीकडे. तेव्हापासून किराणा दुकानात समोरासमोर आले तरी टोपीला हात लावण्यापलीकडे काही नाही. "तुम्ही जा, मिस डॉक्टर. तुम्हाला ती नाही म्हणणार नाही."

गुरुवारी दुपारी क्लिनिक बंद असतं. मी बाईंकडे गेले. त्यांनी मला पोर्चवर बसवलं, बर्फ घातलेला गोड चहा दिला, आणि मी काय म्हणते ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्यानं पाठवलं तुम्हाला?"

"हो."

"स्वतः का आला नाही?"

"तुम्ही दारात उभं करणार नाही म्हणाले."

"ते बरोबर आहे," बाई म्हणाल्या आणि उठून आत गेल्या. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा होता. त्यात सात वह्या होत्या. काळ्या पुठ्ठ्याच्या, कडा उंदरांनी कुरतडलेल्या. त्यांची आई चौथीपर्यंत शिकली होती, पण तिनं आपल्या हातून झालेलं प्रत्येक बाळंतपण लिहून ठेवलं होतं. तारीख, वार, घर कुठलं, आईचं नाव, मुलगा की मुलगी, जगलं की नाही. आणि शेवटच्या रकान्यात बापाचं नाव.

मी हात पुढे केला तर बाईंनी डबा आपल्या मांडीवर ओढून घेतला.

"जुन्या रेल्वे स्टेशनात म्युझियम आहे ना, त्यांनी मागितल्या होत्या या वह्या," त्या म्हणाल्या. "काचेच्या पेटीत ठेवू म्हणाले. मी नाही म्हटलं. माझी आई खोटं लिहीत नसे. बापाचं नाव म्हणजे बापाचं नाव, ज्याच्याशी लग्न झालंय त्याचं नाही. या गावात रुळांच्या अलीकडचे आणि पलीकडचे एकमेकांचे कोण लागतात, ते सगळं यात आहे. कोर्टहाउसच्या भिंतीवर ज्यांचे फोटो लावलेत ना, त्यांचीही नावं आहेत. आणि आमच्याकडच्या बायकाही गोऱ्यांच्या घरांत आपल्या मर्जीनं जात नव्हत्या, हेही लक्षात ठेवा."

चोवीस वर्षं मी या लोकांची रक्तं तपासत होते. कुणाच्या घराण्यात साखर आहे, कुणाच्या घराण्यात हृदय कमजोर, याच्या नोंदी ठेवत होते. पण प्रत्येक वेळी मी पेशंटला विचारलेलं आणि त्यानं सांगितलेलं लिहून घेतलेलं. कितीदा ते चुकीचं असेल, हे मला त्या पोर्चवर बसून पहिल्यांदा कळलं.

बाईंनी तिसरी वही काढली, चष्मा लावला, आणि पानं न दाखवता स्वतः शोधलं. बोट ठेवून म्हणाल्या, "आहे. मंगळवार. मुलगा, जगला." मग जराशानं, "आईनं पुढे लिहिलंय, मोठा आवाज." आणि तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या.

"वही देता का? मी जपून नेईन, परत आणून देईन."

"वही माझ्या हातातून सुटणार नाही. कोर्टहाउसला मी येईन. मी दाखवीन. एकच ओळ."

आता एकच अडचण राहिली होती. अर्जावर जन्मस्थळाचा रकाना होता, आणि वहीत वस्तीचं जे नाव होतं ते मी कुठल्याच नकाशावर पाहिलं नव्हतं. सुतारकाकांना विचारलं तर ते म्हणाले, "दाखवतो. या शनिवारी चला. पाणी खाली गेलंय."

हिवाळ्यात धरणाचे दरवाजे उघडून तलावाचं पाणी उतरवतात. शनिवारी माझी गाडी मीच चालवत होते आणि ते शेजारी बसून रस्ता सांगत होते. बोटी उतरवायच्या धक्क्याच्या पुढे एक कच्चा रस्ता जातो, तो सरळ पाण्यात शिरतो. तिथे उतरलो. चिखल वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. थोडं पुढे गेल्यावर विटांच्या तीन पायऱ्या दिसल्या. पायऱ्या कुठेच जात नव्हत्या.

"चर्च," ते म्हणाले. "त्याच्या पलीकडे शाळा. नदी तिकडे, त्या खांबाच्या पुढे. आमचं घर अजून खाली, ते कधीच वर येत नाही." ते बोट दाखवत गेले, आणि कुणाचं घर कुठे, कुणाची शेती कुठपर्यंत, हे सांगत गेले. ही जमीन त्या लोकांच्या स्वतःच्या मालकीची होती. त्यांच्या आजोबांच्या पिढीनं ती घेतली होती. नदीकाठची काळी गाळाची जमीन, गावाभोवतालच्या लाल मातीपेक्षा चांगली. सुतारकाका बारा-तेरा वर्षांचे असताना सर्व्हेवाले आले, खुंट्या ठोकून गेले, आणि दोन वर्षांनी सगळे उठले. काही गावात रुळांपलीकडे आले. बरेचसे उत्तरेला गेले ते परत आले नाहीत.

मला तेव्हा सांगणं भाग होतं. न सांगताही चाललं असतं, पण मला ते जमलं नाही.

"माझे वडील धरणं बांधायचे," मी म्हणाले. "भारतात. सरकारी खात्यात इंजिनियर होते. मी धरणाच्या कॉलनीत वाढले. सर्व्हेला खुंट्या ठोकायला जायचे तेव्हा कधी कधी मला जीपमधून न्यायचे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तिथे गावं होती?"

"होती. एका गावातल्या बाईनं मला चिंचा दिलेल्या आठवतात. नंतर ते गाव पाण्याखाली गेलं. आम्ही पूर्ण भरलेलं धरण बघायला गेलो होतो, डबा घेऊन. मला वडलांचा फार अभिमान वाटला होता."

"आता?"

"आताही वाटतो. त्यांच्यामुळे धरणाखालच्या भागाला पाणी मिळालं म्हणून. पण त्या बाईचं पुढे काय झालं, ते मी त्यांना कधी विचारलं नाही. आणि आता ते नाहीत."

सुतारकाका रागावतील असं मला वाटलं होतं. पण ते म्हणाले, "इथल्या धरणातून वीज झाली. गावात लगेच आली. आमच्या बाजूला यायला बरीच वर्षं गेली. पण आली तेव्हा मीच घराघरांत लाकडी पट्ट्या ठोकून वायरी टाकल्या. मला काम मिळालं." मग म्हणाले, "तुमच्या वडलांनी तुम्हाला जीपमध्ये नेलं, हे त्यांनी बरं केलं. आमच्याकडे आलेल्या साहेबानं कधी पोरं आणली नाहीत."

याचा अर्थ काय घ्यायचा हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पुढच्या गुरुवारी आम्ही तिघं कोर्टहाउसला गेलो. बाई मागच्या सीटवर, मांडीवर वही, वहीवर पर्स. सुतारकाका पुढे. दोघंही एकमेकांशी न बोलता माझ्याशी बोलत होते. "त्याला सांगा, खिडकी वर कर." "त्यांना सांगा, केलीय." असं ते चाललं होतं.

खिडकीमागची क्लार्क चाळिशीतली गोरी बाई होती, गावातलीच. कागद तिनं शांतपणे तपासले, बहिणीचं शपथपत्र वाचलं, आणि वही मागितली. बाईंनी वही खिडकीच्या फळीवर ठेवली, उघडली, आणि पर्समधून दोन कोरे कागद काढून ओळीच्या वर एक आणि खाली एक असे ठेवले. मधे एकच ओळ उरली.

"मला पूर्ण पानाची प्रत लागेल, मॅम."

"ओळीची मिळेल."

"नियम असा आहे की..."

"मी या काउंटीत एकतीस वर्षं शिकवलंय," बाई म्हणाल्या. "तुलाही शिकवलंय. मी तुला कधी खोटा कागद दाखवेन का?"

क्लार्क लाल झाली. ती उठली, आत जाऊन कुणाशी तरी बोलली आणि परत आली. बाईंना घेऊन मशीनपाशी गेली. बाईंनी स्वतःच्या हातानं वही काचेवर ठेवली, कागद सरकणार नाहीत असे धरले, आणि प्रत काढून झाल्यावर वही लगेच उचलली.

मग जन्मस्थळाचा रकाना आला. कॉम्प्युटरच्या यादीत ती वस्ती नव्हती. क्लार्क म्हणाली, गावाचं नाव टाकते, सगळे तसंच करतात.

"मी गावात जन्मलो नाही," सुतारकाका म्हणाले.

"सर, सिस्टिममध्ये नाव नसेल तर ते घेत नाही."

"मग काउंटी लिहा, आणि नाव रिकामं ठेवा."

तेवढ्यात बाई बोलल्या, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदाच थेट त्यांच्याशी बोलल्या. "रिकामं कशाला ठेवतोस? ती वस्ती होती. तुझ्या आईनं तिथे जन्म दिला, माझ्या आईनं तिथे तुला हातावर घेतलं. शेरा लिहायला जागा आहे ना? मुली, शेऱ्यात लिही." आणि त्यांनी वस्तीचं नाव एकेक अक्षर करून सांगितलं. क्लार्कनं ते शेऱ्याच्या जागी टाइप केलं.

सह्या झाल्या. आम्ही निघालो, दारापर्यंत पोचलो, तेव्हा क्लार्क खिडकीमागून उठून बाहेर आली. आजूबाजूला कुणी नाही असं बघून ती बाईंना हळूच म्हणाली, "मॅम, माझ्या आजीचं बाळंतपण तुमच्या आईनंच केलं होतं असं घरात म्हणतात. ती त्या वहीत असेल का?"

बाईंनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. वर्गात उत्तराची वाट बघावी तसं.

"तुला खरंच बघायचंय?"

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

"माहीत झालं की रविवारी चर्चनंतर घरी ये. एकटी ये."

ती गेली की नाही मला माहीत नाही. एका रविवारी मी रुळांपलीकडे एका पेशंटला बघून परत येत होते, तेव्हा बाईंच्या दारात एक पांढरी गाडी उभी दिसली. ती कुणाचीही असू शकेल. मी विचारलं नाही आणि बाईंनी सांगितलं नाही. त्या आणि सुतारकाका मात्र आता बोलतात. भांडल्यासारखं बोलतात, पण बोलतात.

दाखला यायला सात आठवडे लागले. मग लायसन्स, मग तिकीट. मला नोव्हायच्या जुन्या शेजाऱ्यांकडे मुंजीला जायचंच होतं, म्हणून मी त्याच विमानाचं तिकीट काढलं. अटलांटाच्या विमानतळावर ते माझ्या बॅगेवर हात ठेवून चालत होते, आणि विमान वर उठलं तेव्हा डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते. नंतर मात्र त्यांनी दोनदा कॉफी मागून घेतली.

बहिणीचं घर विटांचं, दुमजली, रस्त्यावरची बरीच घरं रिकामी. भाचीनं दार उघडलं. आत खुर्चीत बहीण बसली होती, भावाहून लहानखुरी, डोक्यावर चर्चला घालतात तशी जांभळी हॅट. ती उठू शकत नव्हती. ते तिच्यासमोर गुडघे टेकून बसले आणि तिनं त्यांचं तोंड दोन्ही हातांत धरलं. मी स्वयंपाकघरात भाचीशी बोलत उभी राहिले.

मग मला बाहेर बोलावलं. बहिणीनं दाखला हातात धरून भिंग लावून वाचला होता, आणि भाचीकडून फोनवर त्या तारखेचा वार काढून घेतला होता.

"हे चुकीचं आहे," ती म्हणाली. "मंगळवार नव्हता. रविवार होता. मला चर्चमधून सुईणीला बोलवायला पाठवलं होतं, माझ्या पायात रविवारचे बूट होते. ते चिखलात खराब झाले म्हणून मला मार बसला."

"वहीत मंगळवार लिहिलंय," सुतारकाका म्हणाले.

"ती लिहायला मंगळवारी बसली असेल."

"शपथपत्रात का नाही सांगितलंस?"

"मला वार विचारलाच नाही कुणी. मी होते का एवढंच विचारलं."

"आता सरकारी शिक्का आहे त्यावर."

"तर मग तू शिक्क्याच्या दिवशी जन्मलास," ती म्हणाली, आणि दोघं इतकी हसली की भाची घाबरून बघायला आली.

त्यानंतर भाचीनं एक मोठा कागद आणून दिला आणि दोघं वस्तीचा नकाशा काढायला बसली. चर्चवर लगेच एकमत झालं. शाळेवरही. नाशपातीचं झाड विहिरीच्या उजवीकडे की डावीकडे यावर अर्धा तास गेला, शेवटी दोन्हीकडे एकेक झाड काढलं. सुतारकाका घर काढायचे आणि बहीण सांगायची की ते लोक पुढे कुठे गेले. हे शिकागोला. हे इथे, दोन गल्ल्या पलीकडे, आता मुलं राहतात. हे क्लीव्हलंडला. हिला मी एकदा बसमध्ये भेटले होते. यांचं पुढे काही कळलं नाही. मी लोकसंख्येच्या बोर्डावरचा आकडा कमी होताना पाहिला होता. ती माणसं कुठे गेली, हे सांगणारं कुणी मला पहिल्यांदाच भेटत होतं. संध्याकाळी मला घ्यायला शेजाऱ्यांची गाडी आली, तेव्हाही त्यांचं नदीपर्यंत काढून झालं नव्हतं.

ते तिथे तीन आठवडे राहिले. बहीण त्याच वर्षी, उन्हाळा संपताना गेली. अंत्यसंस्काराला ते विमानानं गेले, या वेळी एकटे. परत आल्यावर क्लिनिकमध्ये आले तेव्हा मी विचारलं, प्रवास कसा झाला.

"बरा झाला," ते म्हणाले. "शेजारी एक कॉलेजातली मुलगी होती. तिनं विचारलं, तुम्ही मूळचे कुठले. मग काय, अटलांटा येईपर्यंत तिला तेच सांगत बसलो."